पासवर्ड विसरलात?

कुठलंही ॲप उघडा. नाव आणि पासवर्डच्या चौकटींखाली बारीक निळ्या अक्षरांत एक प्रश्न दिसतो, ‘पासवर्ड विसरलात?’ अडल्याशिवाय आपण त्याच्याकडे बघत नाही. अडलो की त्यावर बोट टेकवतो, मोबाइलवर सहा आकडे येतात, ते भरतो आणि आत शिरतो. सगळं मिळून अर्धं मिनिट. पण या अर्ध्या मिनिटात काय घडलं, ते सावकाश बघितलं तर दचकायला होतं. किल्ली तुम्ही हरवली होती आणि ज्याला तुम्ही आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, अशा कुणीतरी तुमच्या दाराला नवं कुलूप बसवून त्याची किल्ली तुमच्या हातात ठेवली. ते कुलूप बदलायची मुभा त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून होती!

जो किल्ली परत देऊ शकतो, तो ती काढूनही घेऊ शकतो. सोशल नेटवर्क कुणाच्या मालकीचं असावं आणि त्यावर कोण कुणाचं तोंड बंद करू शकतं, याचा जो खल जगभर चालला आहे, त्याचं मूळ मला या निळ्या ओळीत दिसतं.

लोकांचं मागणं तसं साधं आहे. एक, नेटवर्कला एकच एक मालक नसावा. दोन, ते घरातल्या आजीलाही वापरता यावं. तीन, कुठल्याही सरकारला, कंपनीला किंवा धनदांडग्याला त्यावरून कुणाचा आवाज पुसता येऊ नये. हुशार माणसांनी या तिन्ही गोष्टी एकत्र बांधायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला, आणि दर वेळी गोधडी आखूड पडली. डोक्यावर ओढली की पाय उघडे. ती नेमकी कुठे आणि का आखूड पडते, हे बघायला गेलं की एकाहून एक नवलाच्या गोष्टी हाती लागतात.

पहिला प्रयोग मॅस्टोडॉनचा. जर्मनीतल्या ऑयगन रॉच्को या तरुण प्रोग्रॅमरने तो २०१६ साली लोकांपुढे आणला. मॅस्टोडॉन ही एक वेबसाइट नाही. ती एकमेकांशी बोलणारी हजारो छोटी गावं आहेत. कुणीही स्वतःच्या पैशाने सर्व्हर घ्यावा, त्यावर हे सॉफ्टवेअर चढवावं, की गाव वसलं. गावकऱ्याचा पत्ता ई-मेलसारखा दोन भागांचा असतो. आधी माणसाचं नाव, मग गावाचं. आपल्याकडे ‘कर’ लावून आडनावात गाव गुंफतात, तशातलाच प्रकार. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाला फॉलो करू शकतो, त्याला उत्तर देऊ शकतो. ही गावागावांतली पत्रापत्री ज्या नियमांनी चालते त्यांना ‘ॲक्टिव्हिटीपब’ म्हणतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ते जानेवारी २०१८मध्ये अधिकृत केले. या सगळ्या गावांना मिळून पाटील नाही. एखाद्या अब्जाधीशाने हे नेटवर्क विकत घ्यायचं ठरवलं, तर त्याने चेक कुणाच्या नावाने फाडावा?

भारतीयांची आणि मॅस्टोडॉनची पहिली मोठी गाठ पडली ती २०१९च्या नोव्हेंबरमध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं होतं. आधी निमित्त झालं ते त्यांनी लावलेल्या, १९३६ सालच्या हॅम्बुर्गमधल्या एका प्रसिद्ध फोटोचं. त्यात नाझी सलामासाठी उठलेल्या शेकडो हातांमध्ये एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. त्यानंतरच्या संतापात हजारो भारतीयांनी ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर खाती काढली. काही आठवड्यांत तो ओघ आटला. ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेतलं, तेव्हा जगभरातून असाच लोंढा आला आणि मॅस्टोडॉन महिन्याला वापरणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या वर गेली. त्यातलेही बरेच लोक परतीच्या वाटेला लागले.

दारातच विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाने अनेकांना अडवलं. ‘सर्व्हर निवडा.’ ज्याला फक्त मित्राला ‘आलो रे’ म्हणायचं आहे, त्याला हजारो अनोळखी गावांतून एक निवडायला सांगायचं. गाव चुकलं तर काय होतं, हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक असलेला मित्र आत आहे, आणि आत जायला आधी गाव हवं. मे २०२३मध्ये मॅस्टोडॉनने यावर तोडगा काढला. ॲपमध्ये एक ठळक बटण आलं, जे नव्या माणसाला सरळ मॅस्टोडॉन डॉट सोशल या त्यांच्याच मोठ्या सर्व्हरवर नेतं. दुसरं गाव निवडायची सोय राहिली, पण दुय्यम झाली. केंद्र नको म्हणून बांधलेल्या नेटवर्कने सोपेपणासाठी स्वतःच एक केंद्र पुढे केलं. आखूड गोधडीचा हा पहिला पुरावा.

आवाज पुसण्याचं काय? इथे गोष्ट आणखी रंगते. सगळ्या गावांचा पाटील नसला तरी प्रत्येक गावाला आपला एक पाटील आहेच. ज्याचा सर्व्हर, त्याचा शब्द. तो तुमचं खातं काढू शकतो, आणि अख्ख्या दुसऱ्या गावाशी व्यवहार तोडू शकतो. अमेरिकेतलं गॅब हे अतिउजव्यांचं नेटवर्क २०१९मध्ये मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं. सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं, त्यामुळे त्यांना अडवणं कुणालाच शक्य नव्हतं. मग गावोगावच्या पाटलांनी एकेक करून गॅबशी पत्रव्यवहार बंद केला. वाळीत टाकणं हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने येत नाही आणि त्याविरुद्ध महाराष्ट्राने कायदाही केला आहे. पण न्यायालय नसलेल्या या जगात गावांच्या हाती असलेलं हे एकमेव शस्त्र. गॅब बंद पडलं नाही. त्याचं ऐकू येणं मात्र पुष्कळ ठिकाणी थांबलं. यात आवाज पुसला गेला की शेजाऱ्याने खिडकी लावून घेतली, यावर अजून वाद चालतो.

आणि पाटलाच्याही वर कुणी असतं, हे फेब्रुवारी २०२४मध्ये दिसलं. क्वीअर डॉट एएफ नावाचा एक सर्व्हर होता, नावाप्रमाणेच क्वीअर लोकांनी वसवलेला. ‘डॉट एएफ’ ही शेपटी इंटरनेटवर अफगाणिस्तानच्या वाट्याला आलेली आहे. तालिबानच्या अमलाखालच्या दळणवळण मंत्रालयाने ते नाव काढून घेतलं. यंत्र शाबूत, माणसं शाबूत, लिहिलेलं सगळं शाबूत. फक्त गावाची पाटी गेली, आणि पाटीबरोबर प्रत्येक गावकऱ्याचा पत्ता गेला. मॅस्टोडॉनवर गाव बदलता येतं, फॉलोअर बरोबर नेता येतात (जुन्या पोस्टी मात्र मागेच राहतात), पण त्यासाठी जुन्या गावाने ‘हा माणूस तिकडे गेला’ असं सगळ्यांना कळवावं लागतं. ज्या गावाची पाटीच उतरली, त्याने कळवायचं कसं?

नाव दुसऱ्याच्या ताब्यात असलं की हे होणारच. मग असं नाव असू शकतं का, जे कुणाकडे मागावंच लागत नाही?

असू शकतं. एक नाणं, कागद आणि पेन्सिल घ्या. नाणं उडवा, छापा आला तर १ लिहा, काटा आला तर ०. असं २५६ वेळा करा. पाच सेकंदांना एकदा उडवलंत तर वीस-बावीस मिनिटं लागतील. हाती आलेली ओळ ही तुमची गुप्त किल्ली. दुसऱ्या कुणाला योगायोगाने हीच ओळ मिळाली तर? अशा ओळी किती होऊ शकतात ते बघा. एकावर ७७ शून्यं दिली की होणाऱ्या आकड्यापेक्षाही थोड्या जास्त. अख्ख्या पृथ्वीचे अणू मोजले तर ते एकावर ५० शून्यांच्या आसपास भरतात. तुमची ओळ जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे सांगायला नोंदणी कार्यालय लागत नाही. संभाव्यतेचं गणितच तेवढं करतं.

या गुप्त किल्लीपासून गणिताने दुसरा एक आकडा काढतात. तो जगजाहीर करायचा, तेच तुमचं नाव. पहिल्यावरून दुसरा काढणं क्षणाचं काम, दुसऱ्यावरून पहिला काढणं आजच्या कुठल्याही संगणकाला जमत नाही. गुप्त किल्लीने तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक मजकुरावर सही करता येते, आणि जाहीर नाव हाती असलेला कुणीही ती सही पडताळू शकतो. आपल्याकडच्या जुन्या मोडी पत्रांवर डोक्याशी शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तब शेवटी असल्यामुळे मजकूर तिथे संपला हे कळे आणि त्याखाली कुणाला ओळ घुसडता येत नसे. ही सही त्याच्याही पुढची. मजकुरातला एक काना जरी बदलला तरी ती जुळत नाही. दर मजकुराला नवं मोर्तब, आणि नकली मोर्तब करणारा कारागीर अजून जन्मलेला नाही.

या पायावर नॉस्टर नावाचं नेटवर्क उभं आहे. फियातजाफ असं टोपणनाव घेणाऱ्या प्रोग्रॅमरने ते २०२०मध्ये मांडलं. ट्विटरचे एक संस्थापक जॅक डॉर्सी यांनी २०२२च्या डिसेंबरमध्ये त्याला १४ बिटकॉइन देणगी दिली. नॉस्टरमध्ये सर्व्हर आहेत, त्यांना रिले म्हणतात, पण त्यांच्याकडे पाटीलकी नाही. ते फक्त सही केलेल्या चिठ्ठ्या ठेवून घेतात आणि मागेल त्याला देतात. तुम्ही एकच चिठ्ठी पाच-सहा रिलेंकडे टाकायची. एकाने नाकारली तरी दुसऱ्याकडे मिळते, आणि सही तुमचीच असल्यामुळे कुठून मिळाली याने फरक पडत नाही. तुमचं नाव कुठल्याच रिलेचं नाही, त्यामुळे ते काढून कोण घेणार?

कुणीही नाही. आणि त्यामुळेच नॉस्टरवर ती निळी ओळ नाही. नाण्याने काढलेला कागद फाटला, फोन पाण्यात पडला, किल्ली गेली, की तुम्ही गेलात. तुमची माणसं, तुमचं लिखाण सगळं जागच्या जागी दिसत राहील, फक्त तिथे बोलायला तुम्ही नसाल. चोरी त्याहून वाईट. किल्ली चोराच्या हाती लागली तर नेटवर्कच्या दृष्टीने तो आणि तुम्ही सारखेच खरे. ‘मी मी आहे’ हे ज्याच्यापुढे सिद्ध करावं असा कुणी नाही, कारण तसा कुणी नसावा म्हणूनच तर हे बांधलं. शिवाय गणित अभेद्य असलं तरी फोन कुणाचा तरी असतो. फेब्रुवारी २०२३च्या सुरुवातीला नॉस्टरचं डेमस हे ॲप ॲपलच्या ॲप स्टोअरवर आलं आणि दोनच दिवसांत चीनमधल्या स्टोअरमधून गेलं. सह्यांना हात लावायची गरजच पडली नाही.

नॉस्टरवरचं नाव कसं दिसतं, तेही सांगायला हवं. अक्षरं आणि आकड्यांची साठाहून जास्त चिन्हांची माळ. ती लग्नात भेटलेल्या मावसभावाला तोंडी सांगता येत नाही. झूको विलकॉक्स-ओहर्न या संगणकतज्ज्ञाने २००१मध्येच हा पेच नेमका मांडला होता, आणि त्याला ‘झूकोचा त्रिकोण’ म्हणतात. नाव माणसाला लक्षात राहणारं असावं, त्याची नक्कल होऊ नये, आणि ते देणारा कुणी मध्यवर्ती अधिकारी नसावा. या तीन कोनांपैकी कुठलेही दोन मिळतात. ‘संजय पाटील’ लक्षात राहतं आणि कुणाला विचारून ठेवावं लागत नाही, पण संजय पाटील हजारो आहेत. मोठ्या कंपनीच्या नेटवर्कवरचं नाव लक्षात राहतं आणि एकमेव असतं, पण ते कंपनीने दिलेलं. नाण्याने काढलेलं नाव एकमेव आहे, कुणी दिलेलं नाही, पण लक्षात राहत नाही.

दहा वर्षांनी, जानेवारी २०११मध्ये, प्रोग्रॅमर आरन स्वार्ट्झ यांनी लिहिलं की बिटकॉइनसारखी सगळ्यांनी मिळून राखलेली वही वापरली तर तिन्ही कोन साधतील. जो आधी येऊन वहीत नाव लिहील, त्याचं ते नाव. त्याच वर्षी नेमकॉइन नावाची अशी वही सुरूही झाली. त्रिकोण चौकोनी झाल्यासारखं वाटलं. मग २०१५मध्ये संशोधकांनी ती वही चाळली. सुमारे १,२०,००० नावं नोंदलेली होती. त्यातली निव्वळ अडवून न ठेवलेली आणि मागे काही खरा मजकूर असलेली नावं निघाली २८. बाकी बहुतेक जागा रुमाल टाकून धरलेल्या होत्या. रुमाल उचलून फेकणारा कंडक्टर नसला की काय होतं, ते एसटीने प्रवास केलेल्याला वेगळं सांगायला नको.

हा कंडक्टरचा प्रश्न जुना आहे. १९७९मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना काढली. संगणक एकमेकांना फोन लावून निरोपांची देवघेव करत, मध्ये मालक कुणी नाही. एप्रिल १९९४मध्ये ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीची आपली जाहिरात त्यावरच्या हजारो गटांत एकदम टाकली. लोक चिडले, पण त्यांना बाहेर काढायला अधिकारी होता कुठे? ज्या दाराने बंडखोराचा आवाज आत येतो, त्याच दाराने जाहिरातवाला येतो, आणि दारावर राखणदार नको हे आपणच ठरवलेलं असतं. नॉस्टरवरही कचरा साचला तेव्हा काही रिलेंनी पैसे घ्यायला सुरुवात केली.

आणखी एक गोष्ट मला बोचते. पुसता न येणं हे दुधारी आहे. नॉस्टरवर तुम्ही स्वतःची चिठ्ठी मागे घ्यायची विनंती करू शकता, पण ती मानायची की नाही हे ज्याच्या त्याच्या रिलेवर. हुकूमशहाविरुद्ध लिहिलेलं टिकावं म्हणून केलेली ही सोय, रागाच्या भरात लिहिलेलंही टिकवते. एखाद्या मुलीचा फोटो सूडाने टाकला गेला, तर तोही.

मग मधला मार्ग? ब्लूस्काय हे नेटवर्क तो शोधतं आहे. ट्विटरमध्येच २०१९च्या डिसेंबरमध्ये डॉर्सींनी याची घोषणा केली, पुढे ती वेगळी कंपनी झाली, जे ग्रेबर तिच्या प्रमुख झाल्या, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खाती २ कोटींच्या पुढे गेली. नवा माणूस दोन मिनिटांत आत येतो, त्याला गाव निवडावं लागत नाही, आणि निळी ओळही आहे. पण आतली रचना वेगळी आहे. नेटवर्कची कामं तोडून ठेवली आहेत. तुमचं लिखाण साठवणारा एक, सगळ्यांचं लिखाण गोळा करणारा दुसरा, ते रचून दाखवणारा तिसरा. यातला कुठलाही बदलता यावा असा बेत. दिसायचं नाव वेगळं आणि त्याखालची कायमची ओळख वेगळी, त्यामुळे घर बदललं तरी माणसं तुम्हाला शोधू शकतात. सातारा सोडून नागपूरला गेलं तरी आडनाव सातारकरच राहतं ना, तसं.

एप्रिल २०२५मध्ये याची कसोटी लागली. तुर्की सरकारच्या मागणीवरून ब्लूस्कायने ७२ खात्यांवर त्या देशात बंधनं घातली. पण झालं ते असं, की कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये तुर्कस्तानातल्या लोकांना ती खाती दिसेनाशी झाली. नेटवर्कमधून ती गेली नव्हती. इतरांनी बनवलेल्या ॲपमधून बघणाऱ्याला ती दिसत राहिली. पुसणं आणि झाकणं यांतला हा फरक लहान वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. मात्र भाबडेपणाही नको. बहुतेक लोकांचं लिखाण आज ब्लूस्काय कंपनीच्याच यंत्रांवर आहे आणि बहुतेक तिचंच ॲप वापरतात. घर बदलायची सोय असणं वेगळं आणि लोकांनी घर बदललेलं असणं वेगळं.

या सगळ्यात एक मर्यादा आहे, जी कुठल्याच प्रोग्रॅमरच्या हातात नाही. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडली, त्याबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने ‘लाइक’ केलं होतं. त्यांचं नेटवर्क मालकाचं होतं की बिनमालकाचं, याने काय फरक पडला असता? गणित चिठ्ठीचं रक्षण करतं, दारावरच्या थापेपासून ते वाचवत नाही. ज्या कलमांखाली ती अटक झाली, त्यांतलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. तिथे किल्लीपेक्षा न्यायालय कामाला आलं.

तेव्हा तिन्ही मागण्या पूर्ण करणारं नेटवर्क कुठलं, असं विचारलंत तर ते नाही. आजीला निळी ओळ हवी असते आणि तिचं बरोबर आहे. हुकूमशाहीत राहणाऱ्या पत्रकाराला निळी ओळ नको असते आणि त्याचंही बरोबर आहे. पण दोघांना एक गोष्ट सारखीच हवी, आणि ती बांधता येते, हे गेल्या काही वर्षांच्या प्रयोगांनी दाखवलं आहे. मालकाशी पटेनासं झालं तर नावासकट, लिखाणासकट, माणसांसकट उठून जाता यावं. जाता येतं हे ठाऊक असलेला मालक नीट वागतो, असा भाडेकरूंचा अनुभव आहे.

आज रात्री एवढं करा. तुम्ही वापरता त्या नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘माहिती डाउनलोड करा’ हा पर्याय शोधा. बहुतेक मोठ्या नेटवर्कांवर तो आहे. फाइल येईल. त्यात तुमच्या पोस्टी असतील, फोटो असतील, कदाचित मित्रांच्या नावांची यादीही असेल. पण त्या यादीतल्या एकालाही तुम्ही त्या फाइलमधून हाक मारू शकणार नाही. ज्या नेटवर्कवरून ती माणसंही बरोबर नेता येतात, ते वापरायला थोडं अवघड वाटलं, तर त्याला आणखी पंधरा मिनिटं द्या.